जनरल स्टोअरचा जिना

"ठेवायचा की काढायचा, एवढंच सांगा मिस्त्री," नगरपालिकेच्या इंजिनीयर बाई म्हणाल्या.

थोरले मिस्त्री बॅटरी घेऊन जिन्याखाली ओणवे झाले होते. वय बहात्तर, गुडघे दाद देत नव्हते. गावातलं हे जनरल स्टोअर बांधलं गेलं तेव्हापासून ते इथे येत-जात होते, पण या जिन्याच्या पोटात त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं. जिना धाकट्याने केला होता. त्यांच्या पाठच्या भावाने.

दुकान सुरू झालं ते रस्त्याच्या वळणावर, पत्र्याच्या एका खोलीत. सुईपासून कंदिलापर्यंत सगळं मिळायचं. धंदा वाढला तशा मालकांनी दगडी भिंती उभ्या केल्या, वर मजला चढवला आणि लाकूडकाम मिस्त्रींच्या वडिलांकडे दिलं. वडिलांनी थोरल्याला खालचं काम नेमून दिलं. तीस फुटांचं काउंटर, भिंतभर फळ्या, एकशे बारा खण. धाकट्याला दिला जिना. थोरला तेव्हा सव्वीसचा, धाकटा एकवीसचा.

काम पुरं झालं त्या दिवशी वडिलांनी काउंटरवरून हात फिरवला आणि "ठीक आहे" म्हणाले. मग ते जिना चढून गेले, उतरून आले, पुन्हा चढून गेले. खाली आल्यावर धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. तेव्हापासून थोरल्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते शेचाळीस वर्षांत थांबलं नाही.

थांबणार कसं? नवी जोडपी त्या जिन्यावर उभी राहून फोटो काढून घ्यायची. पाहुणेरावळे आले की त्यांना जिना दाखवायला आणायचे. काउंटरवर सगळं गाव कोपरं टेकून गप्पा मारायचं, पण हे कोणी केलं असं एकाही मायेच्या पुताने विचारलं नाही. पुढे वरच्या मजल्यावर काही वर्षं पोस्ट होतं, मग कापडाचं दुकान आलं. मालकांची नातवंडं शहरात गेली आणि नऊ वर्षांपूर्वी इमारतीला कुलूप लागलं. जिन्याचं कौतुक तेवढं चालूच राहिलं. मागच्या वर्षी धाकटा गेला, तेव्हा भेटायला आलेले लोक म्हणाले, "जिना आहे तोवर माणूस आहेच की." थोरल्यांनी मान डोलावली. मेल्यावरही हा माझ्या पुढेच, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

आता नगरपालिका इथे वाचनालय करणार होती.

मिस्त्रींनी जिन्याचं लाकूड ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत. कुठे भुसा नाही, भेग नाही, साधा खिळासुद्धा नाही. ते कंबर धरून बाहेर आले.

"काउंटरचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"ते काढतोय. मागून वाळवी लागलीय. जिना चांगला असेल तर मात्र ठेवू. इमारतीच्या इतिहासाची पुस्तिका छापतोय ना, त्यात त्याला पानभर जागा देऊ, फोटोसकट."

मिस्त्रींनी बॅटरी बंद केली.

"आतून पोखरलाय," ते म्हणाले. "काढा."

संध्याकाळी शेजारच्या घरातून भावजय आली. "भाऊजी, जिना काढणार म्हणतात?"

"किडलाय."

"अहो, त्यासाठी ह्यांनी लाकूड दोन वर्षं सुकवलं होतं."

"लाकूडच ते. कधीतरी लागायचीच कीड."

"तुम्ही बघितलंत ना? मग झालं," ती म्हणाली. "तुमच्या शब्दापुढे हे कधी गेले नाहीत. मी कशाला जाऊ?"

ती गेल्यावर मिस्त्रींचं जेवणात लक्ष लागेना. उद्या जाऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंचाच निरोप आला, ताबडतोब या.

वरच्या नऊ पायऱ्या कापून खाली टाकल्या होत्या. पण जिन्याची मुख्य तुळई खालच्या खांबात बसवलेली होती, ती काही केल्या सुटत नव्हती. खांबाला धक्का लावावा तर वरचा मजला खाली यायचा. दोन मजूर घाम पुसत बसले होते.

मिस्त्री खाली बसले. पटाशी लावून पाहिली, बाजूने ठोकलं, खालून ठोकलं. प्रत्येक ठोक्याला सांधा सुटायच्या ऐवजी आणखी आवळत होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खाच कुठून आत जाते आणि कुठे वळते याचा पत्ताच लागेना. एकवीस वर्षांच्या पोराने हे कधी, कुणाला विचारून केलं असेल? त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

"कसा सोडवायचा, काका?" एका मजुराने विचारलं.

"मला नाही माहीत."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. हे मला जमलं नसतं." मग त्यांनी बाईंकडे मान वळवली. "बाई, जिना किडलेला नव्हता. मी खोटं बोललो."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "पण का?"

"माझं काउंटर जाणार होतं. त्याचा जिना राहणार होता."

बाईंनी पडलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.

"आता उशीर झाला, मिस्त्री. सिमेंटच्या जिन्याचं सामान उद्या येतंय." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मिस्त्रींकडे त्यांनी परत पाहिलं नाही. मजुरांना म्हणाल्या, "तुळई खांबालगत कापा. सांधा राहू दे आतच."

करवत सुरू झाली. मिस्त्री हळूहळू उठले आणि कोपऱ्यात गेले. तिथे पायऱ्या कशाही पडल्या होत्या. त्यांनी एक उचलली, धोतराच्या सोग्याने तिच्यावरचा भुसा पुसला आणि भिंतीशी नीट ठेवली. मग दुसरी शोधून तिच्यावर रचली. खालची खाली, वरची वर, अशा क्रमाने.

"काका, राहू द्या. ते सगळं सरपणात जायचंय," मजूर म्हणाला.

"जाऊ दे," मिस्त्री म्हणाले आणि तिसरी पायरी उचलायला वाकले.