हसू न आवरलेला परिच्छेद

भाचीनं तपासणीचं बटण दाबलं आणि पडदा लालभडक झाला.

"अगं बाई! मोडलं का काही?" मावशी खुर्चीतून अर्धी उठली.

मोडलं नव्हतं, अडलं होतं. मावशीनं वाचलेलं पहिलंवहिलं बोलकं पुस्तक ऐकायला अंधांच्या वाचनालयाचे ग्रंथपाल यायच्या बेतात होते. ते स्वतःही अंध. आवडलं तर पुढची पुस्तकंही मावशीकडे, नाहीतर मशीनचा आवाज, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि नेमके आत्ताच फाइलीला नखरे सुचले होते.

"नावं चालत नाहीयेत," भाची म्हणाली. "प्रत्येक परिच्छेदाला नाव लागतं, त्यावरूनच ऐकणाऱ्याला हवं तिथं जाता येतं. मी नुसते आकडे दिले. पण आकड्यानं सुरू होणारं नाव याला खपत नाही. आधी अक्षर हवं."

"मग दे की! मराठी चालेल?"

"चालतं!"

तिनं झाडून सगळ्या आकड्यांआधी 'प' लावला. लाल ओळी भराभर गळाल्या. मावशीनं टाळीच वाजवली. एक ओळ मात्र हटेना. दोन परिच्छेदांना एकच नाव, तेही चालत नव्हतं.

चूक दोघींच्या सवयीची. वाचन बिघडलं की मावशी पुन्हा वाचायची, आणि तुकडा कुठला ते कळावं म्हणून भाची त्याला तोच आकडा द्यायची. नको तो नंतर काढायचा. इथं राहून गेला होता. न्हाव्याच्या खुर्चीत अडकलेल्या जाड्या इन्स्पेक्टरचा परिच्छेद. पहिल्यांदा मावशीला हसू आवरलं नव्हतं, दुसऱ्यांदा तिनं तो सरळ वाचला होता.

"हसलेला काढ हं," मावशीनं बजावलं. "अब्रू जाईल माझी."

भाचीनं हेडफोन लावून दोन्ही ऐकले, एक काढला, बटण दाबलं. हिरवं! दोघी चक्क ओरडल्या, आणि तेवढ्यात दार वाजलं.

ग्रंथपाल बसले. चेहरा कोरा. स्पीकरवर ते एकेक परिच्छेद ऐकत पुढे सरकत होते. आणि एकदम मावशीचंच खो खो हसू खोलीभर सुटलं.

मावशीनं भाचीच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली.

ग्रंथपालांनी बटण चाचपलं आणि तो तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

"बाई," ते डोळे पुसत म्हणाले, "पुढचं पुस्तक कधी सुरू करताय?"