दहा नंबरचा मोजा

सोमवारी सकाळी लॉन्ड्रीवाल्यांनी साडूभाऊंच्या घरून आलेली धुण्याची पिशवी टेबलावर उपडी केली आणि त्यातून एक मोजा पडला. तिथून या गोष्टीला सुरुवात झाली.

मोजा एकटाच होता. आता लॉन्ड्रीत एकट्या मोज्याचं नवल कुणाला? पण हा मोजा राखाडी, जाड लोकरीचा, कोरा करकरीत, आणि अंगाने एवढा दांडगा की लॉन्ड्रीवाल्यांनी आत हात घातला तो पार मनगटाच्या वर गेला. साडूभाऊंचा पाय आठ नंबरचा, हे त्यांना पक्कं ठाऊक, कारण त्यांचा स्वतःचाही आठच. हा मोजा दहाच्या खालच्या पायाला बसला नसता. शिवाय त्याला निळा दोरा नव्हता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतून एका ठरलेल्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालायचा, ही त्यांची जुनी रीत, आणि साडूंचा रंग निळा. म्हणजे हा मोजा दुकानात पहिल्यांदाच आला होता. पिशवीत साडूंचा नेहमीचा निळ्या दोऱ्याचा मोजाही एकटाच होता, पण तो घरी कुठे कोपऱ्यात राहिला असेल म्हणून त्याच्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दोन्ही मोज्यांना चिखल होता, खरी मेख तिथे होती.

कारण आदल्या दिवशी, रविवारी, कुणी कुठे जायचं नव्हतंच. साडूभाऊंनी शनिवारी संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं की उद्या धुवाधार पाऊस आहे, डोंगर रद्द. आणि रविवारी आभाळ कसं होतं? नीळ दिलेल्या चादरीसारखं. लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात दोऱ्यांवरचे कपडे दुपारच्या आत खडखडीत वाळले.

साडूभाऊ म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चष्म्याचं दुकान, टापटीप माणूस, केसाचा भांगसुद्धा फूटपट्टी लावून पाडल्यासारखा. दोघांची रविवारची भटकंती कित्येक वर्षांची. आठवडाभर लॉन्ड्रीवाले सिमेंटच्या फरशीवर उभे, तोंडावर इस्त्रीची वाफ, कानात मशीनची घरघर. एक रविवार तेवढा त्यांचा. डोंगराच्या माथ्यावर एक सपाट कातळ होता. तिथे पोहोचलं की ते टोपी काढत आणि क्षणभर डोळे मिटत. देवाकडे काय मागत, कुणाला ठाऊक. बहुतेक काहीच मागत नसत, नुसती हजेरी लावत.

हवेचा अंदाज हे खातं मात्र साडूभाऊंचं. ते मोबाइलवर बघून सांगत, रेनकोट घ्यायचा की टोपी, जाड मोजे की पातळ. लॉन्ड्रीवाले घरात त्यांना ‘हवामान खातं’च म्हणत, बायको डोळे वटारायची तरी.

मग या साली लॉन्ड्रीवाल्यांची उजवी टाच बिघडली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तळव्याची शीर सुजली आहे, चालणं सोडू नका, पण बुटात मऊ गादी घाला आणि उतारावर घाई करू नका. त्यांनी सगळं ऐकलं. पाण्याची बाटली गोठवून काउंटरखाली तळव्याने फिरवत बसत. गादीही घातली. त्या गादीमुळे बूट इतका आवळायचा की अंगठ्याचं नख काळं पडलं, पण ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. शेवटच्या खेपेला उतरताना त्यांच्यामुळे उशीर झाला, वाटेत गारांनी झोडपलं, आणि साडूभाऊ चिडून म्हणाले, “डोंगराला पाय लागतात रे, सबबी लागत नाहीत.”

हा शब्द त्यांच्या मनात रुतला. त्यानंतरच्या शनिवारी फोन आला की उद्या वारा आहे, नको. वारा कसला, अंगणातला रुमाल हलला नाही. पुढच्या शनिवारी पाऊस. आणि सोमवारी हा मोजा.

लॉन्ड्रीवाल्यांना मोज्यावरून माणूस ओळखायची सवय होती. टाचेला झिजलेला मोजा म्हणजे पाय ओढत चालणारा, अंगठ्याला भोक म्हणजे नखं वाढवणारा. या मोज्यावरूनही त्यांच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहिला: उंच, धिप्पाड, ढांगा टाकत माथ्यावर पोहोचणारा, टाच-बीच काही दुखत नसलेला. साडूभाऊंनी नवा सोबती गाठला होता. आपल्याला घरी बसवून दोघं मजेत डोंगर चढत होते. कातळावर बसून तो दहा नंबरवाला आपल्या जागेवर पाय पसरत असेल, या विचाराने त्यांची इस्त्री एका पांढऱ्या शर्टावर जरा जास्तच रेंगाळली.

तरी धंद्याचं इमान मोठं. मोजा धुतला, वाळवला, आत निळा टाका घातला आणि परत पाठवला. मात्र त्या आठवड्यात ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघेनासे झाले, फक्त पायांकडे बघू लागले. आगीच्या बंबावरचा एक उंच जवान गणवेश न्यायला आला. त्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, रविवारी काय करता? तो म्हणाला, झोपतो. उत्तर फार तयार वाटलं. मग बुटाचा नंबर विचारला. त्याने अकरा सांगितला आणि गणवेश उचलून जरा घाईनेच निघाला. लॉन्ड्रीवाल्यांना हायसं वाटलं की हिरमुसल्यासारखं झालं, त्यांचं त्यांनाच कळेना.

तिसऱ्या शनिवारी फोनवर धुकं होतं. सोमवारी पिशवीत पुन्हा तोच मोजा, एकटाच, चिखलाचा. आत त्यांच्याच हातचा निळा टाका. लॉन्ड्रीवाले स्टुलावर बसले. म्हणजे तो माणूस साडूंच्या घरीच मोजे टाकून जात होता. इतकी घसट.

पँटही होती. तिला गुडघ्यापर्यंत काळी कुसळं चिकटली होती, आकडेवाली, चिमट्याने एकेक उपटावी लागणारी. अशी कुसळं डोंगराच्या पायथ्याला, तलावाकाठच्या ओल्या वाटेवर असतात. माथ्यावरच्या गवताची पिवळी भुकटी पँटीला नेहमी लागायची, धुताना पाणी पिवळं व्हायचं. या वेळी पाणी स्वच्छ. दुसऱ्या कुणाला यातून काय सुचायचं ते सुचलं असतं. लॉन्ड्रीवाल्यांना सुचलं ते असं, की दोघांनी तलावाच्या बाजूने चढायची नवी चोरवाट काढली आहे. मन एकदा वाकडं चालू लागलं की सरळ पुरावासुद्धा त्याच्या मागे वाकडाच चालतो.

बायको हे सगळं बघत होती. रात्री जेवताना ती म्हणाली, “मोज्याला सवत करून बसलात की हो तुम्ही. ताईला एक फोन करते, काय ते विचारून टाकते.”

त्यांनी साफ मनाई केली. विचारलं की साडू सावध होतील, म्हणाले. बायकोने बरं म्हटलं. ती बरं म्हणते तेव्हा काय करते, हे इतक्या वर्षांत त्यांना कळायला हवं होतं.

चौथ्या शनिवारी साडूभाऊंचा आवाज आला, “उद्या पाऊस. खात्रीचा. घरात बस, पाय शेक.”

“बरं, साडूभाऊ,” लॉन्ड्रीवाले म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी बुटांच्या नाड्या तपासल्या.

रविवारी सकाळी त्यांनी टाचेला चिकटपट्टी गुंडाळली, गादी घातली, दात-ओठ खाऊन बूट चढवला. बायकोने न विचारता चहाचा थर्मास भरून दिला. बसमध्ये त्यांनी तो उघडून पाहिला तर झाकणाखाली एकात एक घातलेले दोन पेले. दोन का? आता त्यांना घरातल्या माणसांचाही संशय येऊ लागला.

शेवटच्या थांब्यावर उतरून ते तलावाच्या वाटेला लागले. ऊन होतं, पण डोंगराच्या पाठीमागून एक काळा ढग मान वर काढत होता. वाट ओली, मऊ, आणि तिच्यावर ताजे ठसे. लॉन्ड्रीवाले वाकले. एक ठसा मोठा, दहाचा. एक लहान, आठचा. सापडले. मोठा डावीकडे, लहान उजवीकडे, अगदी खांद्याला खांदा लावून चाललेले दिसत होते. टाच ठणकत होती, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत होता, पण ते रेटून चालले. समोर उभं राहायचं आणि एवढंच म्हणायचं, की मी सबब नाही, मला तोंडावर सांगायचं होतंत.

पहिला थेंब मानेवर पडला तेव्हा त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. मोठ्या पायाचा माणूस फक्त डावं पाऊल टाकत होता. लहान पायाचा फक्त उजवं. एवढी लांब वाट दोघंही लंगडी घालत गेले की काय? आणि ठशांशेजारी काठीची भोकं होती, ती तर आतापर्यंत त्यांनी पाहिलीच नव्हती.

ते तसेच थांबले. मग पावसाने जोर धरला आणि ते वळणापलीकडच्या पत्र्याच्या निवाऱ्याकडे गेले.

बाकावर साडूभाऊ एकटेच बसले होते. डावा पाय दुसऱ्या बाकावर ठेवलेला, बूट-मोजा काढलेला, घोटा उशीसारखा फुगलेला. भांग विस्कटला होता. ते आधी दचकले, मग त्यांचा चेहरा घट्ट झाला.

“तू माझ्या मागावर आलास?”

लॉन्ड्रीवाल्यांना सगळं दिसत होतं. पण इतके दिवस सोबत वागवलेला माणूस एका क्षणात मनातून जात नाही. ते म्हणाले, “दुसरा कुठंय?”

“दुसरा कोण?”

“दहा नंबरवाला.”

साडूभाऊंनी आपला सुजलेला पाय जरा वर उचलला आणि पुन्हा बाकावर ठेवला.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग साडूभाऊ हळूहळू बोलू लागले. घोटा वर्षभर कुरकुरत होता. डॉक्टर म्हणाले, आतली गादी झिजली, चढ-उतार बंद, सपाटीवर काठी घेऊन चाला. त्यांनी घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. डाव्या पायाला दहाचा बूट लागतो, उजव्याला आठचा. दुकानदार एकेक बूट विकेना, म्हणून दोन जोड घ्यावे लागले. दर रविवारी ते इथे येत आणि या निवाऱ्यापलीकडे जाता येतंय का ते बघत.

“आणि मला पाऊस सांगत होतात,” लॉन्ड्रीवाले म्हणाले.

“मग काय सांगणार होतो? तू वर चला म्हणाला असतास. मला जमणार नाही हे त्या कातळाखाली उभं राहून तुला सांगायचं?” ते पावसाकडे बघत राहिले. “त्या दिवशी सबबीचं बोललो ना, ते मी माझ्या पायाला बोलत होतो. मध्ये तू आलास.”

लॉन्ड्रीवाल्यांना रागाची सवय झाली होती, आता तो ठेवायचा कुठे? त्यांनी थर्मास काढला, दोन्ही पेले बाकावर मांडले आणि चहा ओतला. पेल्यांकडे बघून साडूभाऊ म्हणाले की काल संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर बराच वेळ बोलत होत्या खऱ्या. मग लॉन्ड्रीवाल्यांनीही बंबावरच्या जवानाची चौकशी, कातळावर पाय पसरणारा धिप्पाड माणूस, जळता जळता वाचलेला शर्ट, सगळं सांगून टाकलं. साडूभाऊ आधी गंभीरपणे ऐकत होते, मग इतके हसले की चहा पँटीवर सांडला. तो डाग सोमवारी लॉन्ड्रीतच येणार होता.

“पण आज पाऊस आला बरं का,” साडूभाऊ डोळे पुसत म्हणाले. “आजचा अंदाज खरा होता.”

परतताना दोघंही भिजले. एकाला डावा पाय जपायचा, दुसऱ्याला उजवा, काठी एकच. साडूभाऊंची नजर पुन्हा पुन्हा लॉन्ड्रीवाल्यांच्या उजव्या बुटाकडे जात होती. बसथांब्यावर त्यांनी विचारलंच, गादी घातल्यावर बूट आवळतो का रे? लॉन्ड्रीवाले नाही म्हणाले. मग हो म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला जाब विचारला, की ठाऊक होतं तर बोलली का नाहीस. ती ओला रेनकोट झटकत म्हणाली, “माझं खरं वाटलं असतं तुम्हाला? मोज्याचंच ऐकत होतात.”

सोमवारच्या पिशवीत, चहाच्या डागाच्या पँटखाली, एक खोकं होतं. आत दोन कोरे बूट, डावा आठचा, उजवा दहाचा. लॉन्ड्रीवाल्यांनी काउंटरमागे बसून ते घालून पाहिले. डावा नेमका बसला. उजवा गादीसकट थोडा ढिलाच झाला, पण एकावर एक दोन मोजे चढवल्यावर नीट बसला आणि अंगठा कितीतरी दिवसांनी मोकळा हलला.

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. साडूभाऊ म्हणाले, उद्या धुकं आहे. लॉन्ड्रीवाल्यांनी हातातला नवा बूट खाली ठेवला.

“दाट आहे,” साडूभाऊ म्हणाले. “काठी तू पण घे.”

रविवारी धुकं खरंच होतं. माथा दिसत नव्हता, आणि दिसत नव्हता तेच एका परीने बरं. निवाऱ्यापलीकडे दोघं थोडं पुढे गेले, पाण्याला लागून एक दगड होता तिथवर. लॉन्ड्रीवाल्यांनी तिथेच टोपी काढली आणि डोळे मिटले. साडूभाऊ काठीवर रेलून थांबले.

निघताना लॉन्ड्रीवाल्यांनी सहज मागे वळून वाटेवरचे ठसे पाहिले. एक मोठा डावा, एक लहान उजवा, त्यांच्या शेजारी एक लहान डावा आणि एक मोठा उजवा. मागून कुणी संशयी माणूस आलाच, तर त्याला चार जण गेलेले दिसले असते, तेही लंगडी घालत.