पासवर्ड बदलू नकोस

दादाला जाऊन आठ महिने झाले तेव्हा वहिनीने मला बोलावलं, दादाचा कॉम्प्युटर उघडून द्यायला. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण दादा होता त्या शेवटच्या वर्षात या घरात पाऊल टाकलं नव्हतं. भांडलो होतो आम्ही. कारण विचारू नका, आता सांगायची लाज वाटते.

“भाऊजी, लेकीसाठी त्यांनी गोष्टी सांगून यात रेकॉर्ड केल्यात,” वहिनी म्हणाली. “पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. पोरगी त्यांचा आवाज विसरायला लागलीय हो.”

“एवढंच ना? हा तर माझ्या हातचा मळ!”

अशा कॉम्प्युटरमध्ये मूळचंच एक ॲडमिनिस्ट्रेटर खातं असतं. बंद असतं, घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. ते चालू केलं की बाकीच्यांचे पासवर्ड बदलता येतात. पेनड्राइव्ह लावून चालू करायला गेलो, तर ते आधीच चालू. शेवटचा वापर काल दुपारी साडेतीनला. त्या वेळी घरात फक्त सात वर्षांची पुतणी आणि तिला सांभाळणाऱ्या, कानाने अधू मावशी.

आत एकच चिठ्ठी, कालच्या तारखेची. “भडक्या, पासवर्ड बदलू नकोस. गोष्टींना कुलूप आहे, कायमच्या बंद होतील.”

 मला भडक्या म्हणणारा जगात एकच माणूस होता. आणि मग माझं डोकंच सटकलं. गेलेल्या माणसाच्या नावाने थट्टा करतंय कोण? जुना पासवर्ड न देता नवा घातला की कायमची मिटणारी अशी कुलपं असतात, गिऱ्हाइकांना मीच बजावतो. पण दादाचं मी कधी ऐकलंय? ठोकला नवा पासवर्ड.

दादाचं खातं उघडलं. एकेचाळीस गोष्टी, ओळीने. एकही वाजेना. तासभर खटपट केली, सगळे उपाय थकले. वहिनीने स्वतः एकेक गोष्ट लावून पाहिली.

साडेतीनला पुतणी शाळेतून आली. पडद्याकडे बघून म्हणाली, “बाबा म्हणालेच होते, काका ऐकणार नाही.”

“कधी म्हणाले?” मी विचारलं.

“काल.”

दप्तर न काढताच ती खुर्चीवर चढली, हेडफोन कानाला लावून बसली. बराच वेळ. मग माझ्याकडे वळली.

“आज बोलत नाहीयेत ते. काय केलंस रे काका?”