गोठ्याचं झाड

सुकन्याच्या धाकट्या लेकाचं जावळ काढलं, ते दोन हजार तेवीस साल. जावळाचे पाहुणे परतून तीन दिवस झाले नाहीत तोच गौरी माजावर आली आणि हंबरून हंबरून तिने सकाळीच गोठा डोक्यावर घेतला.

ग्यानोबांनी दावं सोडलं. माणिकप्पाचा वळू देवणी भागात नावाजलेला. गौरीला तोच दाखवायचा, हे त्यांनी वर्षभर मनाशी धरून ठेवलं होतं.

"थांबा जरा." गुणाबाई वही घेऊन आडवी आली. "हे बघा आन् मग जावा."

"काय करायलीस? माज कुणासाठी थांबतो व्हय?"

साठी उलटल्यावर गुणाबाई साक्षरता वर्गाला बसली होती. शिकवणाऱ्या शिल्पाने मागच्या आठवड्यात घराचं झाड काढायला लावलं. वरच्या चौकटीत म्हातारी माणसं, रेघ ओढून खाली त्यांची लेकरं, त्यांच्याखाली नातवंडं. कोण कुणाचं ते एका नजरेत कळावं. गुणाबाईने मुलगा भागवत काढला, त्याची पोरं काढली आणि पेन्सिल ठेवली.

"काकू, सुकन्याताई कुठाय?"

"ती दिल्या घरची, बाई."

"दिली म्हणून तुमच्या पोटची न्हाई का?"

गुणाबाईने आणखी एक रेघ ओढली. घरी आल्यावरही ती रेघ डोक्यातून जाईना. मग तिने गोठ्याचंही झाड काढलं.

"मूळ वर, फांद्या खाली. उलटंच उगवलं की गं तुझं!" ग्यानोबा हसले.

"हसा. ही वर कपिली. तिच्या पोटी दोघी, गौरी आन् चांदी. चांदी कुठं गेली?"

"सुकन्याला आंदण दिली की."

"तिचा गोऱ्हा?"

"जावयानं माणिकप्पाला..." ग्यानोबा थांबले.

माणिकप्पाचा वळू म्हणजे चांदीचाच गोऱ्हा, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आंदणाची गाय दारातून गेली की आपल्या गोठ्यात मोजायची नाही, ही घरची रीत. म्हणून इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हंजे गौरी त्याची मावशी लागती," गुणाबाई म्हणाली. "आपल्या दारात वळू होता तवा रक्त जवळचं हाय म्हणून तुम्हीच लोकांच्या गाई माघारी धाडल्या होत्या. आता घरचंच वाण नासवताव का?"

ग्यानोबांना अक्षर येत नव्हतं. रेघा कळत होत्या. कपिलीवरून त्यांचं बोट एका वाटेने गौरीपाशी उतरलं, दुसऱ्या वाटेने वळूपाशी.

"गाव हसंल. बायकूच्या वहीवर गाय माघारी नेली म्हणंल."

"हसू द्या. दोन दिस हसंल. वासरू जनमभर दारात ऱ्हाईल."

ग्यानोबांनी डोक्याला रुमाल गुंडाळला. "चल वलांडीला, संगप्पाकडं. वही बी घे. त्याच्या वळूची आई कोन, आज्जी कोन, आधी लिहून घे. मगच गाय लावू."

वाटेत माणिकप्पा आपल्या दारातून ओरडला, "ग्यानबा, हिकडं की! वळू बांधून ठिवलाय."

"न्हाई गा! सोयरीक लई जवळची निघाली!"

सहा किलोमीटर तिघं चालत गेली. ग्यानोबांचे गुडघे दुखत होते, पण त्यांनी कुरकुर केली नाही. संगप्पाने विचारलेलं सगळं सांगितलं. गुणाबाईने ते हळूहळू, एकेक काना-मात्रा लावत लिहून घेतलं आणि मग मान हलवली.

नऊ महिन्यांनी गौरीला कालवड झाली. चारी पायांवर उभी राहायला तिला तास लागला नाही. ग्यानोबांनी पेन्सिल मागून घेतली आणि गौरीखाली स्वतःच्या हाताने रेघ ओढली, वाकडी. नाव गुणाबाईने लिहिलं.

कालवड दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा दोन हजार पंचवीसच्या माघ महिन्यात ग्यानोबा वारले.