पाठ फिरलेला रुपया

माणसाने जन्मात एक तरी निष्ठा जपावी. नाहीतर मागे उरतं ते नुसतं दुकान. सोलापूरच्या नवी पेठेतले कापडवाले गुरुसिद्धप्पा यांची निष्ठा बिघडलेल्या नाण्यांवर होती.

नाणं दोन ठशांमध्ये दाबून पाडतात. रुपया पुस्तकाच्या पानासारखा उलटला की त्याची दोन्ही अंगं सरळ दिसली पाहिजेत. पण टांकसाळीत एखादा ठसा सैल होऊन फिरला, तर पुढून सरळ असलेल्या नाण्याची पाठ कललेली निघते. असली नाणी गुरुसिद्धप्पा जमवत. गिऱ्हाइकाने पैसे दिले की आधी उलटून बघत, मग गल्ल्यात टाकत.

"खोटं हाय व्हय?" गिऱ्हाईक घाबरून विचारी.

"खोटं कुठलं! सरळ आहे," ते सुस्कारा टाकून म्हणत.

कललेल्या पया, कललेल्या चवल्या त्यांच्याकडे ढीगभर होत्या. पाठ पार डोक्यावर उभी असलेला राणीछाप रुपया मात्र नव्हता. "घरात लग्नाचा पोरगा बसलाय," त्यांची बायको रत्नम्मा म्हणे, "आन् ह्यांना राणी पायजे."

सन अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात त्या पोरासाठी, म्हणजे चन्नवीरसाठी, मुलगी पाहायला दोघं अक्कलकोटाकडच्या एका खेड्यात गेली. चन्नवीरला नेलं नव्हतं. दुकान कोण सांभाळणार? मुलीचा बाप बसप्पा शेंगांचा लहानसा व्यापार करी. मुलगी महानंदा. तिच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ, प्रत्येक रुपयाला वर कडी डाक देऊन जोडलेली.

महानंदा नमस्काराला वाकली तशी माळ पुढे लोंबली आणि रुपये गर्रकन फिरले. सगळ्यांच्या पाठी सरळ होत्या. एकाची डोक्यावर.

"परत एकदा वाक, पोरी," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

ती वाकली.

"अजून एकदा."

बसप्पा बायकोच्या कानाशी लागला, "लई कडक शिस्तीचं घर हाय."

रत्नम्माने नवऱ्याला कोपर मारलं. "पोरगी बघा की! चालवून बघा, बोलवून बघा."

"बघितली. पसंत आहे."

"बघितली म्हनं! डोळे कसे हायत तिचे, सांगा."

"दोन आहेत," गुरुसिद्धप्पा म्हणाले आणि माळेकडे बघत राहिले.

देण्याघेण्याची गोष्ट निघाली. बसप्पाने घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली.

"हुंडा नको," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "आम्ही माणसं बघतो. मुलगी अंगावरच्या दागिन्यांनिशी आली की झालं. ही माळ तर राहू देच."

बसप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने माळेकडे पाहिलं.

सोलापुरात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. हुंडा नाकारणारा वरपिता पेठेत मिळाला म्हणून ज्ञातीच्या मंडळींनी सभा भरवली, त्यांना शाल पांघरवली. वक्त्यांनी तरुण पिढीला कान धरून गुरुसिद्धप्पांकडे बघायला सांगितलं. गुरुसिद्धप्पा खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. ते कडी काढताना रुपयाला ओरखडा कसा पडणार नाही, याचा विचार करत होते.

लग्न लागलं. सुनेच्या अंगाची हळद उतरायच्या आत तिच्या गळ्यातली माळ त्यांनी 'जपून ठेवायला' मागून घेतली आणि सोनाराकडे नेली.

"एवढ्या एका रुपयाची कडी काढ. हळू. जीव आहे त्यात माझा."

सोनाराने फुंकणीने ज्योत धरली. रुपया पुरीसारखा फुगला, फट्कन उकलला आणि आतून काळी लाख ऐरणीवर ओघळली.

"पोकळ केलाय की, मालक. माळेतले समदेच तसले दिसतायत. आतली चांदी काढून घेतली, वरचे पापुद्रे परत डाकले, आन् बारीक भोकातनं लाख भरली. ह्याची डाकताना पाठ उलटी बसली. गडबडीत असंल कारागीर."

"म्हणजे टांकसाळीत ठसा फिरला नव्हता?"

"टांकसाळीचा काय संबंध?" सोनार म्हणाला आणि लाख खरवडू लागला.

बसप्पाला सांगावा गेला. तो दुसऱ्या दिवशीच आला आणि ओसरीवर अवघडून बसला.

"माळ खोटी निघाली," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"व्हय," बसप्पा म्हणाला. "खरी थोरलीच्या लग्नात गेली. तुमी म्हनला, आमी माणसं बघतो. मग आमाला वाटलं, माळ कोण बघतंय?"

यावर उत्तर होतं, पण ते ओसरीवर देण्यासारखं नव्हतं. गुरुसिद्धप्पांनी दुसरं शोधलं. "प्रश्न चांदीचा नाही, बसप्पा. विश्वासाचा आहे." वाक्य त्यांना आवडलं. ते त्यांनी पुन्हा म्हटलं. "आता हुंडा तरी आणा, नाहीतर पोरगी घेऊन जा."

"हुंडा कुटनं आणू, मालक?"

"अहो, पोरीनं काय केलंय?" रत्नम्मा दारातून म्हणाली. "तुमी वाक म्हटलं, ती वाकली. एवढंच की."

"तू आत जा."

रत्नम्मा आत गेली आणि सुनेची लुगडी घडी करून बोचक्यात बांधू लागली. आपलं काय चुकलं, असं महानंदाने तिला विचारलं. रत्नम्माने बोचक्याची गाठ आवळली. सांगून कोणाला खरं वाटलं असतं?

महानंदा बापाबरोबर दुपारच्या गाडीने गेली. चन्नवीर तेव्हा दुकानात मांजरपाट फाडत होता. त्याला संध्याकाळी जेवायला बसल्यावर कळलं.