जाड रेघ, बारीक रेघ

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या छापखान्यात सुदाम चौदा वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होता. त्यातला एकच इंग्रजी टाइप त्याचा जीव की प्राण. जाड रेघ रेड्याच्या मानेसारखी, बारीक रेघ कोळ्याच्या धाग्याएवढी, टोकांना पातळ, सपाट पाय. पत्रिकेवर नवरदेवाचं नाव, लेटरहेडवर शेटचं. एरवी तो खण उघडायचा नाही. कुणाला हात लावू द्यायचं तर नावच नको.

१९८८. बेलवलीत सुदामच्याच गल्लीत शिवरामची मुलगी अंजना दवाखाना काढत होती. बौद्ध वस्तीतली पहिली डॉक्टर. नाव याच टाइपात हवं, असं शिवराम म्हणाला.

पहिल्या मजल्यावर.

मोठ्ठं.

पण रंगवणार अंबरनाथचा मधु पेंटर.

सुदामचा सगळ्यात मोठा खिळा एक इंचाचा. मधुचं अक्षर दोन फुटांचं. दाढी करताना हे आठवे, की ब्लेड लागे.

त्यात मधुच छापखान्याच्या दारात उभा. "सुदामभाऊ, इंग्रजी बोर्ड पहिलाच आपला. नावाचा एक ठसा मारून द्या ना, बघून काढतो."

सुदामनं दिला. आर्ट पेपरवर, शाई बेतानं, एकही रेघ न फुटता. एवढ्या मायेनं त्यानं स्वतःची लग्नपत्रिकाही छापली नव्हती.

"बारीक रेघ जरा भरून जाड करू का भाऊ? वर लागणार आहे."

भरायलाच हवी होती. कागद हातात धरून वाचतात, बोर्ड रस्त्यावरून. सुदामला ते पक्कं ठाऊक होतं.

"भरलीस तर मेलं अक्षर," तो म्हणाला. "जशीच्या तशी काढ."

बोर्ड लागला. सुदाम समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. बारीक रेघा उन्हात पार विरल्या होत्या. 'ए'चा डावा पाय आणि आडवी दांडी गेली, 'एन'चे दोन्ही खांब गेले. ANJANA या नावाचं उरलं एवढंच:

\ \ J \ \ \

त्या दिवशी सुदाम दोन घास जास्त जेवला.

आता लोक हसतील. शिवराम मधुला झापेल.

हसलं कुणीच नाही. बारवीकडच्या पाड्यावरून सरू तापलेलं पोर घेऊन आली आणि नेमकी सुदामलाच विचारती झाली, "दादा, कललेल्या काठ्यांचा दवाखाना त्यो हाच ना?" तिला इंग्रजी येत नव्हतं, काठ्या ओळखता येत होत्या. पाड्यापाड्यांत तेच नाव झालं. दवाखान्यात बाक पुरेना. मग टेलर म्हणाला, मला मधुच्या काठ्या. मग फोटो स्टुडिओवाला.

मधुच्या!

दवाखान्यासमोर टेलरच्या दुकानाशी मधु शिडीवर होता, तेव्हा सुदामला राहवलं नाही.

"मधु, ते मी केलंय. मुद्दाम. तुझी फजिती व्हावी म्हणून सांगितलं, भरू नको."

मधु खदखदा हसला. "काय भाऊ! आपलं नाव झालं, तर त्यात पण पार्टनर?"

"अरे, जळत होतो तुझ्यावर! आईशप्पथ!"

गलका ऐकून अंजना दवाखान्याच्या गॅलरीत आली. "सुदामकाका, ठसा तुमचाच होता, माहितीये सगळ्यांना. चिडू नका, वर या, चहा घ्या." हट्टी पेशंटला समजवावं तसं बोलली.

मधुनं ब्रश बुडवला. एक जाड, तिरपी रेघ ओढली. तिच्याशेजारी दुसरी. बारीक रेघ त्यानं काढलीच नाही.

आणि ते झकास दिसत होतं.