वर्षाच्या आत

सुशीला गेली हे मला कारखान्यात कळलं. मी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर आहे. दुपारी माझ्या मुलीचा, शर्मिष्ठाचा, फोन आला. "बाबा, दवाखान्यात या. आई गेली." हाताचं वंगण निघेना. तसाच गेलो.

तेराव्याला सुशीलाची बहीण, मीराबाई, माझ्याजवळ बसल्या.

"भाऊजी, वर्षाच्या आत पोट्टीचं लग्न उरकून टाका. नाही तर तीन वर्षं थांबा लागते. तिशी पार होईल, मग कोण करते?"

आमच्यात असंच आहे. घरात कोणी गेलं की लग्न वर्षात, नाही तर तीन वर्षांनी. मी हो म्हणालो. सहा महिन्यांनी मीराबाईंनी बीरगावच्या फॅक्टरीतला चिराग नावाचा मुलगा काढला. रविवारी ते लोक पाहायला येणार होते.

शर्मिष्ठा अठ्ठावीसची. शंकर नगरच्या एका ऑफिसात मस्कतच्या कंपनीचं काम करते. तिकडच्या हनान नावाच्या मुलीशी तिचं रोज फोनवर बोलणं होतं. एका संध्याकाळी वरण ढवळताना तिने फोन ठेवला आणि हसली.

"काय झालं?"

"हनान बत्तीसची आहे, बाबा. त्या अरब लोकांतही लग्नापर्यंत आईबापाकडेच राहतात. तिची मावशी पण स्थळं आणून राहिली. हनान म्हणते, सगळ्या मावश्या एकाच फॅक्टरीत बनतात काय?"

मलाही हसू आलं. सुशीला गेल्यावर पहिल्यांदा.

"मग तिचे वडील काय म्हणतात?"

"म्हणतात, आधी हिला विचारा."

मी शर्मिष्ठाला विचारलंच नव्हतं.

"तुले करायचं आहे का हे लग्न?"

"अभी नहीं, बाबा." तिने गॅस बंद केला. "ऑफिसने विशाखापट्टणमला बढती दिली आहे. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. पण लग्नाआधी घर सोडलं तर लोक तुम्हालेच बोलतील."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मावशीले हव म्हणून मोकळे झाले होते."

लग्नाआधी आमच्या घरातली मुलगी बाहेर राहायला गेली नाही. माझ्या बहिणीही नाही. एकटं राहायची मला भीती वाटत होती, हे खरं. पण घाईने लग्न लावून दिलं असतं तरी मी एकटाच राहिलो असतो.

मी मीराबाईंना फोन करून रविवारचं नको म्हटलं.

"तीन वर्षं घरात बसवता काय पोट्टीले?"

"घरात नाही. विशाखापट्टणमला चालली."

"लग्न नाही, काही नाही, अन् एकटी?"

"नोकरीवर चालली, मीराबाई. पळून नाही."

त्यांनी फोन ठेवला.

शर्मिष्ठाने होकार कळवला. महिनाअखेर जायचं आहे. मी पोचवायला जाणार, रेल्वेचा पास आहे. ती मला पोळ्या शिकवते आहे. कालच्या पोळ्या खाण्याजोग्या झाल्या. मीराबाई अजून बोलत नाहीत. शर्मिष्ठासाठी तिथे खोलीही अजून मिळालेली नाही.